गडावरचा शिपाई आणि घरची भाऊबंदकी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 वर्धापनदिनी काहीतरी उपयोगाचे बोलावे अशी पद्धत आहे. पाककृती सांगावी, आरोग्याचे चार नियम सांगावेत, नाहीतर संतांची शिकवण सांगावी. मी मात्र आज एका शिपायाविषयी बोलणार आहे. तो कोण, त्याचे नाव काय, हे मला सांगता येणार नाही, कारण त्याचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. बायकांच्या मंडळात शिपायाचे काय काम, असे आपल्या मनात येईल. तेवढा थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे.

हा विषय मला सुचला तो आपल्या रतनगडाच्या सहलीत. आपणांपैकी पुष्कळ जणी त्या दिवशी बरोबर होत्या. रतनवाडीला अमृतेश्वराचे दर्शन घेतले, पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसून भाकरी खाल्ली आणि तरुण मंडळी गड चढायला निघाली. मी लोखंडी शिडीपर्यंत आले, वर पाहिले आणि तिथेच एका दगडावर बसून राहिले. गुडघे नाही म्हणाले. दोन तासांनी मुली खाली आल्या त्या बाटलीत टाक्याचे पाणी घेऊन. त्यांतल्या एकीने विचारले, "बाई, वर पाण्याची टाकी कितीतरी आहेत, पण धड असे एकही घर नाही. मग माणसे राहत होती कुठे? आणि राहत होती तर करीत काय होती?"

मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. किल्ला कोणी बांधला, कोणी घेतला, कोणत्या साली घेतला, हे सर्व मला तोंडपाठ. पण वर राहणारा माणूस सकाळी उठून काय करीत होता, हे मला एकाही मुलाने विचारले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी आज देणार आहे.

आपला अकोले तालुका म्हणजे गडांचे माहेरघर. रतनगड, हरिश्चंद्रगड, पट्टा, बितनगड, कलाडगड, पाबरगड, आणि नाशिकच्या हद्दीवर अलंग, मदन, कुलंग. या सर्वांवर नजर ठेवून बसलेले कळसूबाईचे शिखर तर साऱ्या महाराष्ट्रात उंच. पट्ट्यावर शिवाजी महाराज १६७९ साली जालन्याच्या मोहिमेहून परतताना विसाव्याला थांबले, म्हणून त्याचे नाव विश्रामगड झाले, हे आपण जाणताच. महाराज काही दिवस राहिले आणि गेले. पण त्यांच्या आधी आणि त्यांच्यानंतर पिढ्यान् पिढ्या जे वर राहिले, ते गडकरी.

गडाचा संसार कसा चाले, ते आधी सांगते. सभासदाच्या बखरीत ही व्यवस्था दिली आहे. नऊ पाईक आणि दहावा त्यांचा नाईक, असा दहा जणांचा एक मेळ. गडावर मुख्य तिघे, हवालदार, सरनोबत आणि सबनीस. हवालदाराकडे किल्ल्या, सरनोबताकडे लोक, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब. धान्य, तूप, तेल, दारूगोळा यांचा जमाखर्च ठेवायला कारखानीस. तिघांचा मान सारखा. एकट्याच्या मनात आले म्हणून गड शत्रूला देता येऊ नये, अशी ती योजना. आपल्या घरात फडताळाची किल्ली सासूकडे, दुधाचा हिशेब थोरल्या सुनेकडे आणि डब्यांवर नजर आजेसासूची असे, तसलाच हा प्रकार.

गडाच्या पायथ्याला जो मुलूख, त्याला घेरा म्हणत. घेऱ्यात जागोजाग मेटे, म्हणजे चौक्या. तिथे कोळी, रामोशी, महार, मांग, बेरड अशा जातींची माणसे पहाऱ्याला असत. वाटा त्यांना ठाऊक, पायांचे ठसे त्यांना ओळखता येत. वर बसलेल्या हवालदाराला खालची खबर यांच्यामुळेच मिळे. आपल्या भागात हे काम मुख्यतः महादेव कोळ्यांनी केले. गडाची भिंत दगडाची दिसते, पण गडाची खरी पहिली भिंत ही खालची माणसे होती.

आता शिपायाचा दिवस पाहू. पहाटे दरवाजा उघडायचा तो हुकमाने, आणि दिवस मावळला की बंद करायचा. दरवाज्याच्या आत दोन्ही बाजूंना देवड्या असतात, त्या आपण पाहिल्या असतील. ती पहारेकऱ्यांची बसायची जागा. तिथे पाळीपाळीने बसायचे. तटावरून रात्री गस्त घालायची. एकाने हाक दिली की पुढच्याने उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही तर माणूस झोपला किंवा मेला, असे समजायचे. बंदुका तोड्याच्या. तोडा म्हणजे पेटती वात. ती विझली की हातातली बंदूक म्हणजे नुसती काठी. आता मनाशी आणा आपला घाटघर-रतनवाडीचा पावसाळा. चार-चार दिवस ढग खाली उतरून बसलेले, हात पुढे केला तर दिसत नाही. अशा वेळी दारू कोरडी ठेवणे आणि तोडा पेटता ठेवणे, हीच त्या माणसाची लढाई. शत्रूचे तोंड वर्षानुवर्षे दिसत नसे. ओल मात्र रोज दिसे.

गडाच्या निगेविषयी एक फार सुंदर ग्रंथ आपल्या भाषेत आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१६ च्या सुमारास लिहिलेले आज्ञापत्र. त्यात दुर्गांचे प्रकरण आहे. पुरुषांनी ते युद्धशास्त्र म्हणून वाचावे. आपण बायकांनी वाचले तर ते गृहव्यवस्थेचे पुस्तक वाटेल. अमात्य सांगतात, गड बांधण्याआधी पाणी पाहावे. पाणी नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत. एका झऱ्यावर विसंबून राहू नये, कारण युद्धात तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात. म्हणून साठवणीचे पाणी वेगळे ठेवून ते जपावे. दारूचे कोठार घरांपासून लांब असावे आणि हवालदाराने थोड्या-थोड्या दिवसांनी दारू बाहेर काढून वाळवून परत भरावी. आंबे, फणस, चिंच, वड, पिंपळ अशी झाडे लावावीत, म्हणजे प्रसंगी लाकूड उपयोगी पडेल. आणि केरकचरा? तो टाकू नये. जागोजागी जाळावा आणि त्याची राख परसात टाकून भाजी करावी! राज्याचा एवढा मोठा अमात्य केराच्या राखेपर्यंत विचार करतो, हे वाचले तेव्हा मला फार आनंद झाला. राज्य असो की घर असो, ते टिकते ते अशाच राखणीने.

म्हणजे गडावरचा शिपाई काय करीत होता? पाणी राखीत होता, धान्य राखीत होता, दारू कोरडी ठेवीत होता, कचरा जाळीत होता आणि दरवाज्यात बसून वाट पाहत होता. बहुतेकांची बायकामुले माचीवर नाहीतर खालच्या वाडीत. तिथे नागली, वरई पिकवायची, गुरे राखायची, वर सरपण आणि दूधदुभते पोहोचवायचे, हे काम बायकांचे. हिरकणीची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. संध्याकाळी रायगडाचा दरवाजा बंद झाला, आणि तान्ह्या लेकरासाठी ती माउली कडा उतरून गेली. आपण तिच्या धैर्याचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण मला त्या गोष्टीतला दुसरा माणूसही आठवतो. ज्याने तिला नाही म्हटले, तो देवडीवरचा पहारेकरी. त्यालाही खाली घर असेल, घरात लेकरू असेल. दरवाजा उघडणे त्याच्या हातात होते, पण त्याच्या मर्जीत नव्हते. हुकूम कोणाचा हे त्याला ठाऊक होते, म्हणून तो निदान मनाने तरी स्वस्थ राहिला असेल.

परंतु भगिनींनो, हुकूम कोणाचा हेच ज्या दिवशी कळेनासे होते, त्या दिवशी अशा माणसाने काय करावे? मला आज मुख्यतः याविषयीच बोलायचे आहे.

परका शत्रू चालून आला तर शिपायाला कोडे पडत नाही. मोगल आला, तट सांभाळ. इंग्रज आला, तोफ भर. पण शत्रू घरातलाच असतो तेव्हा? पुस्तकात याला यादवी म्हणतात. आपल्या बोलीत याला त्याहून नेमका शब्द आहे, भाऊबंदकी. दोन्हीकडे भगवा झेंडा, दोन्हीकडे तीच बोली, दोन्हीकडे तोच देव. आणि दोन्हीकडून पत्र येते की, गड आमचा, तू आमचा चाकर, दरवाजा आम्हाला उघड, त्यांना उघडलास तर फितूर ठरशील.

मराठी राज्यात ही पाळी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आली ती १७०७ साली. आपल्या नगरजवळ भिंगारला औरंगजेब मेला आणि मोगलांनी शाहूमहाराजांना सोडले. इकडे ताराबाईंनी सात वर्षे राज्य जिवावर उदार होऊन राखले होते. आता छत्रपती कोण, काकी की पुतण्या? त्या वर्षी ऑक्टोबरात भीमेच्या काठी खेडला लढाई झाली, धनाजी जाधव शाहूंकडे गेले आणि शाहू साताऱ्यावर आले. साताऱ्याच्या गडावर परशुरामपंत प्रतिनिधी ताराबाईंच्या बाजूने ठाम उभे. हवालदार शेख मिरा. गड बळकट, दाणापाणी भरपूर. मग गड पडला कसा? इतिहासकार सांगतात की, शेख मिराची बायकामुले वाईला होती. शाहूंनी ती धरून आणली आणि गड दिला नाही तर तोफेच्या तोंडी देऊ, असा निरोप वर पाठवला. शेख मिराने प्रतिनिधींना कैद केले आणि दरवाजा उघडला. १७०८ च्या जानेवारीत शाहूंचा राज्याभिषेक झाला.

शाळेत मी ही गोष्ट एका वाक्यात सांगत असे, "शाहूंनी सातारा घेतला." आता मला त्या वाक्याची लाज वाटते. त्या तोफेपुढे उभ्या असलेल्या बाईचा विचार करा. तिचा काय संबंध होता, गादी काकीची की पुतण्याची याच्याशी? आणि वर उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याचा विचार करा. ज्यांचे मीठ खाल्ले त्यांना धरून द्यावे, की आपली लेकरे मरू द्यावीत? शाहूमहाराज पुढे मनाने फार उदार निघाले, याबद्दल वाद नाही. पण भाऊबंदकी उदार माणसाकडूनही काय करवून घेते, ते यात दिसते.

दुसरी पाळी पेशव्यांच्या घरात आली, आणि तिचा शेवट आपल्याच जिल्ह्यात झाला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते रघुनाथराव पेशवे झाले. नारायणरावांची पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होती. सखारामबापू, नाना फडणीस आणि इतर कारभाऱ्यांनी, ज्यांना आपण बारभाई म्हणतो, त्यांनी १७७४ च्या जानेवारीत तिला पुरंदर गडावर नेऊन ठेवले. सारे राज्य एका पोरसवदा विधवेच्या उदराकडे डोळे लावून बसले. १८ एप्रिलला मुलगा झाला, आणि चाळीस दिवसांचा असताना मेच्या अखेरीस तो पेशवा झाला. सवाई माधवराव ते हेच.

आता हिशेब करून पाहा. ऑगस्ट १७७३ ते मे १७७४. अवघ्या नऊ महिन्यांत देवडीवरच्या शिपायाने तीन धनी पाहिले. पहिला मारला गेला, दुसरा राज्याबाहेर इंग्रजांकडे मदत मागायला गेला आणि तिसरा पाळण्यात. पुरंदराच्या दरवाज्यावर त्या हिवाळ्यात ज्यांनी पहारा केला, त्यांच्या पाठीमागे राजवाडा नव्हता, बाळंतिणीची खोली होती. मनुष्यजन्माची राखण करणारे ते पहारेकरी मला सर्व लढवय्यांपेक्षा थोर वाटतात.

पण सर्वांचे नशीब इतके स्पष्ट नव्हते. १७७६ साली आणखी एक गोंधळ उडाला. पानिपतावर नाहीसे झालेले सदाशिवरावभाऊ ते मीच, असे सांगणारा एक तोतया रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता. तिथल्या अधिकाऱ्यानेच त्याला बाहेर काढले. बघता बघता कोकणातले बरेच किल्ले त्याच्या हाती गेले आणि घाट चढून तो राजमाचीपर्यंत आला. हजारो माणसे त्याच्या झेंड्याखाली जमली. त्या शिपायांना आपण भोळे म्हणून हसतो. पण पंधरा वर्षांपूर्वी गेलेला धनी परत आला, असे कोणी सांगितले तर घरच्या भांडणाला कंटाळलेल्या माणसाला ते खरे मानावेसे वाटणार नाही काय? भाऊसाहेबांची पत्नी पार्वतीबाई तर अखेरपर्यंत कुंकू लावून राहिली. तोतया पकडला गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याला पुण्यात देहान्त शासन झाले. ज्यांनी त्याला दरवाजे उघडले होते, त्या साध्या गडकऱ्यांच्या घरी पुढे काय झाले असेल, ते आपण मनात आणावे.

आपल्या डोंगरातही तो काळ असाच गेला. महादेव कोळ्यांचा नाईक जावजी बांबळे पेशव्यांच्या कारभाऱ्यांशी बिघडल्याने बंडाला उभा राहिला आणि सुमारे वीस वर्षे या रानांत झुंजत होता. त्याच्यावर पाठवलेल्या सरदारांना त्याने दाद दिली नाही. ज्यांनी गड राखायचे, तेच गड सरकारविरुद्ध धरून बसले. शेवटी तोडगा निघाला तो तलवारीने नव्हे, मध्यस्थाने. जावजीने आपले किल्ले तुकोजी होळकरांच्या स्वाधीन केले, होळकरांनी शब्द टाकला आणि पेशव्यांनी त्याला माफी देऊन साठ गावांचा बंदोबस्त त्याच्याकडेच सोपवला. हे तुकोजी म्हणजे आपल्या चौंडीच्या लेकीचे, अहिल्यादेवींचे, सुभेदार. आज ज्या माउलीचे नाव आपल्या जिल्ह्याला मिळाले आहे, तिच्या दौलतीच्या माणसाने आपल्या डोंगरातले भांडण मिटवले, ही गोष्ट आपण मुलांना सांगितली पाहिजे.

आणि रघुनाथराव? १७८२ साली सालबाईचा तह झाला. त्यांना मोठी नेमणूक मिळाली आणि ते गोदावरीकाठी कोपरगावला येऊन राहिले. १७८३ च्या डिसेंबरात तिथेच वारले. कोपरगावला कधी गेलात तर त्यांच्या वाड्याची आठवण करा. नऊ वर्षे ज्या भांडणापायी अर्धा महाराष्ट्र रानोमाळ झाला, ते भांडण नदीकाठच्या एका वाड्यात असे थंड झाले. त्याच भाऊबंदकीत शत्रूवर मात करणारे नाना फडणीस पुढे १७९८ साली स्वतःच नगरच्या भुईकोटात कैदी होऊन बसले. १८१८ साली इंग्रजांनी त्र्यंबकचा किल्ला घेतला, तेव्हा आसपासचे कित्येक डोंगरी किल्ले लढाई न होताच त्यांच्या हाती आले. अलंग-मदनच्या पायऱ्या त्यांनी सुरुंगाने उडवून दिल्या. आपण विचारतो, एवढे बळकट किल्ले न लढता कसे गेले? मला वाटते, किल्ल्यावरच्या माणसाने आपण कोणासाठी लढायचे, हा प्रश्न विचारणे फार पूर्वीच सोडून दिले होते.

आता, बायकांच्या मंडळात शिपायाचे काय काम, याचे उत्तर द्यायची वेळ आली. ते उत्तर माझ्याच घरातले आहे. सांगायला जड जाते, पण आपण सर्व घरच्याच आहात.

माझे माहेर प्रवरेच्या काठचे. वडील गेले आणि माझ्या दोघा भावांत वाटणीवरून बिनसले. जमीन निम्मी-निम्मी झाली, पण विहीर एक. थोरल्याचा ऊस, धाकट्याचा कांदा. पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली, मग बोलणे बंद झाले, मग वकील झाले. आमच्याकडे एक सालगडी होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. बावीस वर्षे त्यांनी ती विहीर सांभाळली. मोटारीच्या खोलीला दोन्ही भावांनी आपापले कुलूप लावले आणि दोन्ही किल्ल्या मामांच्या करदोट्याला. थोरला म्हणे, आज रात्री माझे पाणी. धाकटा म्हणे, त्याला पाणी दिलेस तर उद्या येऊ नकोस.

त्या दिवाळीला मी माहेरी गेले होते. मामा ओटीच्या पायरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "ताई, पानी कुनाला देऊ तेवढं सांगा. तुमी सांगाल तसं करतो."

मी काय सांगितले? मी म्हटले, "मामा, तुमचं तुम्ही बघा. मला त्यात घेऊ नका." मी स्वतःला शहाणी समजले. कोणाची बाजू घेतली नाही, असा अभिमानही बाळगला. खरे म्हणजे मी थोरल्याच्या बाजूने कागदावर सही आधीच करून चुकले होते. मामांना ते ठाऊक नव्हते.

पाडव्याला साल संपले. मामांनी हिशेब मागितला. थोरल्याने धाकट्याकडे बोट दाखवले, धाकट्याने थोरल्याकडे. अर्धे साल बुडाले. मामांनी दोन्ही किल्ल्या काढून ओट्यावर ठेवल्या, आमच्या आईच्या फोटोला हात जोडले आणि लेकीच्या गावी निघून गेले. पुढे चार वर्षांनी माझ्या भावांचा समेट झाला. एका लग्नात दोघे एका पंगतीत बसले. सर्वांना आनंद झाला, मलाही झाला. त्या पंगतीत मामा मात्र नव्हते, आणि ते नाहीत हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

मी पुढे एकदा पैसे घेऊन मामांच्या लेकीच्या गावी गेले. त्यांना दिसणे कमी झाले होते, पण आवाजावरून ओळखले. लेकीला चहा करायला सांगितला. पैशांना हात लावला नाही. एवढेच विचारले, "हिरीला पानी हाय का अजून?"

त्या दिवशी मला देवडीवरचा शिपाई दिसला. गडकरी काय, सालगडी काय, दोघांची जात एक. घर दुसऱ्याचे, राखण याची. घर एक असते तोवर त्याच्या इमानाला किंमत. घर फुटले की तेच इमान त्याचा गुन्हा ठरतो. मोठ्यांचे सालबाईचे तह होतात, त्यांना नेमणुका मिळतात, वाडे मिळतात. दरवाज्यावर उभ्या असलेल्याचे थकलेले साल मात्र कोणी देत नाही.

भगिनींनो, आपल्या प्रत्येकीच्या घरी असा कोणीतरी दरवाज्यावर उभा आहे. भांडी घासणारी बाई आहे, ट्रॅक्टरवरचा मुलगा आहे, दोन जावांच्या मध्ये सापडलेली मोलकरीण आहे. आणि सर्वांत मोठा पहारेकरी म्हणजे घरातले लहान मूल. आई एक सांगते, आजी दुसरे सांगते, काकूकडे जाऊ नको म्हणतात, आणि ते उंबऱ्यात उभे राहते. दरवाजा कोणाला उघडू, हे त्याला कळत नाही. आपण भांडू नये असे मी म्हणत नाही. भांड्याला भांडे लागायचेच. पण भांडण सुरू झाले की आधी इकडे-तिकडे पाहावे आणि मध्ये कोण उभे आहे त्याला बाजूला घ्यावे. त्याचे साल चुकते करावे. त्याने विचारले तर "तुझे तू बघ" असे म्हणू नये. जावजीच्या वेळी होळकरांनी शब्द टाकला, तसा शब्द टाकायला कोणीतरी पुढे यावे लागते. घरात तो आपणच टाकला पाहिजे.

जाता जाता मंडळाला एक काम सुचवते. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नावे जागतिक वारशाच्या यादीत गेली. शेजारचा शिवनेरी त्यांत आहे. आपल्या तालुक्यातला एकही नाही, याचे वाईट वाटून घेऊ नये. यादीत नाव नसले तरी गडाच्या घेऱ्यातली गावे आपली आहेत. तिथल्या म्हाताऱ्या बायकांना टाक्यांची नावे ठाऊक असतात, कोणत्या घराकडे कोणता पहारा होता ते ठाऊक असते, कोणत्या वाटेने सरपण वर जाई ते ठाऊक असते. आपण दोघी-दोघींनी एकेका वाडीत जावे, त्यांच्यापाशी बसावे आणि एका वहीत ते लिहून आणावे. वर्षभरात एक वही भरली तरी पुष्कळ. पुढच्या वर्धापनदिनी ती वही या टेबलावर असावी, अशी माझी इच्छा आहे.

ज्या मुलीने मला प्रश्न विचारला होता ती समोर बसली आहे. बाळ, वर माणसे राहत होती. त्यांची घरे लाकडाची आणि गवताची होती, ती गेली. त्यांनी राखलेले पाणी राहिले. तेच तू मला बाटलीत आणून दिलेस.